भग्नावशेषांचे सौंदर्य आणि विध्वंसाचे विस्मरण : इंग्लंडमधील किल्ले व मठांच्या छायाचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना :

इंग्लंडमधील पडके किल्ले आणि भग्न ख्रिस्ती मठ हा छायाचित्रणकलेचा तिच्या आरंभापासूनचा आवडता विषय आहे. पहाटेच्या धुक्यातून वर आलेला बुरूज, खंदकाच्या पाण्यातील तटबंदीचे प्रतिबिंब, छप्पर नसलेल्या मठाच्या कमानीतून दिसणारे आकाश ही दृश्ये दिनदर्शिका, भेटपत्रे आणि पर्यटनपुस्तिका यांतून जगभर पोहोचली आहेत. या विषयावरील लेखन मात्र बहुधा दोन स्वतंत्र वाटांनी जाते. एका वाटेवर भिंग, प्रकाश व चौकट यांची तांत्रिक चर्चा असते, तर दुसऱ्या वाटेवर वास्तूंचा इतिहास असतो. या दोहोंची सांगड घालून पाहिल्यास एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. समोरची वास्तू कोणी व का पाडली, हे छायाचित्र सांगते की झाकते? प्रस्तुत लेखात काही निवडक छायाचित्रकारांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

भग्नतेची ऐतिहासिक कारणे :

इंग्लंडमधील अनेक प्रसिद्ध भग्नावशेष काळाच्या ओघात आपोआप निर्माण झालेले नाहीत. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड व वेल्समधील सुमारे ८०० धार्मिक गृहे बंद करण्यात आली. त्यांच्या जमिनी राजसत्तेकडे गेल्या व पुढे सरदार-जमीनदारांना देण्यात किंवा विकण्यात आल्या. यॉर्कशायरमधील रिव्हॉ हा ११३२ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन पंथाचा मठ १५३८ मध्ये बंद झाला. छपरावरील शिसे उतरवून वितळवले गेले आणि छप्पर गेल्यावर भिंती उघड्या पडल्या. पुढे झालेल्या उत्खननात राजमुद्रेचा ठसा असलेले शिशाचे ओतीव ठोकळे ढिगाऱ्याखाली सापडले. मठाचा नाश हा हिशेब ठेवून केलेला व्यवहार होता, याचा हा बोलका पुरावा होय.

किल्ल्यांची कथा वेगळी असली तरी तिचे सूत्र तेच आहे. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजपक्षाने लढवलेले अनेक किल्ले पुन्हा उपयोगात येऊ नयेत म्हणून पार्लमेंटने निकामी करविले. डॉर्सेटमधील कॉर्फचा किल्ला लेडी मेरी बँक्स हिने दीर्घकाळ लढवला. १६४६ मध्ये फितुरीने तो पडला आणि त्याच वर्षी त्याचे तट व बुरूज सुरुंगांनी उडवण्यात आले. केनिलवर्थच्या मुख्य बुरुजाची उत्तरेकडील भिंत १६४९-५० मध्ये पाडली गेली. म्हणजेच आज ज्याला ‘काळाने झिजवलेले सौंदर्य’ म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा सरकारी हुकूम, पहार आणि दारूगोळा आहे.

चित्रदृष्टीचा वारसा :

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच भग्नावशेष कसे पाहावेत याची एक रीत इंग्लंडमध्ये रूढ झाली होती. विल्यम गिल्पिन याने वाय नदीकाठच्या प्रवासावरील आपल्या १७८२ च्या पुस्तकात ‘पिक्चरेस्क’ म्हणजे चित्रात शोभेल अशा सौंदर्याची कल्पना मांडली. वेल्सच्या सीमेवरील टिंटर्न मठाच्या टोकाच्या काही त्रिकोणी भिंती त्याच्या डोळ्यांना खुपल्या. बेताने चालवलेल्या हातोड्याने त्या अधिक शोभिवंत होतील, असे त्याने सुचवले. मठ मोडण्याचे जे काम हेन्रीच्या माणसांनी केले, तेच थोडे पुढे न्यावे अशी ही सौंदर्यविषयक शिफारस होती. विध्वंसाचे रूपांतर रसविषयात कसे झाले, हे यावरून स्पष्ट होते.

छायाचित्रणाच्या जन्मस्थानाशीही हा इतिहास जोडलेला आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट १८३५ मध्ये विल्टशायरमधील लेकॉक ॲबी या आपल्या निवासस्थानातील जाळीदार खिडकीचे चित्र घेतले. ती आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते. लेकॉक हा १२३२ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ होता. १५३९ मध्ये तो बंद झाला, विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेतला, त्यातील चर्च पाडले आणि उरलेल्या वास्तूचे निवासस्थान केले. पुढे ती टॅल्बट घराण्याकडे आली. १८४४ ते १८४६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात टॅल्बटने लेकॉकची चित्रे समाविष्ट केली. निसर्गाच्या लेखणीने स्वतः रेखाटलेली चित्रे अशी या ग्रंथाच्या नावामागील भूमिका आहे. चित्र निसर्ग काढतो असे एकदा मानले की, वास्तूची आजची अवस्थाही निसर्गानेच घडवली, असे मानणे सोपे होते.

रॉजर फेंटन : वेलींचा काळोख आणि कोरे आकाश :

रॉजर फेंटन याने १८५४ मध्ये, म्हणजे क्रिमियाच्या युद्धभूमीवर जाण्याच्या आदल्या वर्षी, रिव्हॉ व फाउंटन्स या मठांची छायाचित्रे घेतली. त्या काळातील ओल्या कोलोडियनची काच घटनास्थळीच तयार करून ती ओली असतानाच प्रकाशित व विकसित करावी लागे. हे रसायन निळ्या प्रकाशाला अधिक आणि हिरव्याला फारच कमी संवेदनशील होते. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येई, वेलींचा हिरवा रंग गडद काळा होई आणि या दोहोंच्या मधे दगड उजळून निघे. फेंटनने या मर्यादेचाच कलात्मक उपयोग करून घेतला. उंच कमानींच्या पायथ्याशी त्याने लहानशा मानवी आकृती बसवल्या. त्यांच्यामुळे वास्तूची भव्यता मोजता येते आणि दृश्याला चिंतनाचा सूरही लाभतो.

फेंटनचे कौशल्य वादातीत आहे. तथापि त्याच्या चौकटीची निवड विचारात घेणे आवश्यक ठरते. रिव्हॉच्या चर्चचा पूर्वेकडील भाग उंच उभा आहे, तर पश्चिमेकडील मुख्य दालनाचे केवळ खुंट उरले आहेत. फेंटनप्रमाणेच त्याच्यानंतरच्या बहुसंख्य छायाचित्रकारांनीही उभ्या भागालाच पसंती दिली. जिथे विध्वंस सर्वाधिक झाला ती जागा चित्राच्या बाहेर राहते. आत बसलेल्या आकृती विश्रांती घेणाऱ्या प्रवाशांच्या आहेत. मठातून बाहेर पडावे लागलेल्या भिक्षूंची आठवण त्यांतून जागी होत नाही.

शासकीय देखभाल आणि ‘स्वच्छ’ भग्नावशेष :

विसाव्या शतकात या दृश्याचे रूप पालटले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झन याच्या पुढाकाराने येथे १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला होता. मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये त्याने लिंकनशायरमधील टॅटरशॉलचा किल्ला विकत घेऊन विकल्या गेलेल्या दगडी शेकोट्या परत मिळवल्या. या प्रकरणाने निर्माण झालेल्या लोकमताची १९१३ च्या ब्रिटिश स्मारक कायद्याला मदत झाली. त्यानंतर सरकारी खात्याने ताब्यात घेतलेल्या वास्तूंवरील वेली काढल्या, ढिगारे उपसले, भिंती सांधल्या आणि भोवती हिरवळ राखली. १९१७ मध्ये ताब्यात आलेल्या रिव्हॉचेही असेच झाले.

ससेक्समधील बोडियम किल्ला या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. १३८५ च्या राजपरवान्याने बांधलेला हा किल्ला कर्झनने घेतला, दुरुस्त केला आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राद्वारे नॅशनल ट्रस्टला दिला. खंदकात प्रतिबिंबित झालेले त्याचे बुरूज इंग्लंडमधील अत्यंत परिचित छायाचित्रांपैकी आहेत. आतील इमारती मात्र पडलेल्या आहेत. बाहेरून घेतलेल्या चित्रात किल्ला अखंड भासतो आणि आतला रिकामेपणा पाहणाऱ्याला ठाऊकच होत नाही. फेंटनच्या चित्रातील वेलींनी घाव झाकले होते, येथे तेच काम पाणी आणि हिरवळ करतात. अर्थात, याच सौंदर्याने कर्झनसारख्या व्यक्तीला संवर्धनास प्रवृत्त केले हेही मान्य करावे लागेल. मोहक चित्राने वास्तू वाचवली, परंतु तिची गोष्ट वाचवली असे म्हणता येत नाही.

युद्धकालीन छायाचित्रांचा प्रतिवाद :

भग्न वास्तूचे छायाचित्र विध्वंसाची कृती दाखवू शकतच नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रे त्याला उत्तर देतात. १९४१ मध्ये सेसिल बीटनच्या छायाचित्रांचे ‘हिस्टरी अंडर फायर’ आणि ली मिलरची छायाचित्रे असलेले ‘ग्रिम ग्लोरी’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. मिलरच्या एका छायाचित्रात लंडनमधील एका प्रार्थनागृहाच्या दारातून विटांचा लोंढा बाहेर आलेला दिसतो. येथे वेलींना वाव नाही आणि काळाला श्रेय नाही. कोणीतरी हे केले आहे, हे पाहणाऱ्याला क्षणात कळते. याच १९४१ मध्ये बाँबहल्ल्यांत नष्ट होऊ शकणाऱ्या इमारतींची नोंद ठेवण्यासाठी ‘नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड’ ही संस्था स्थापन झाली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या भिंती बॅसिल स्पेन्सच्या, १९६२ मध्ये खुल्या झालेल्या नव्या वास्तूशेजारी मुद्दाम राखल्या गेल्या. कॉव्हेंट्रीचे कोणतेही चित्र पाहताना प्रेक्षक ‘कोणी?’ हा प्रश्न विचारतो. रिव्हॉपुढे तो हा प्रश्न विचारत नाही. दोन्ही ठिकाणी उरले आहेत ते छप्पर नसलेल्या चर्चचे अवशेषच. फरक केवळ चारशे वर्षांच्या अंतराचा नसून पाहण्याच्या सवयीचाही आहे.

उत्तरकालीन दोन दिशा :

युद्धोत्तर काळात सायमन मार्सडेन (१९४८-२०१२) याने इन्फ्रारेड फिल्मवर भग्न वास्तू टिपल्या. ‘द हाँटेड रेल्म’ (१९८६) मधील पांढरी झाडे आणि काळवंडलेले आकाश पिक्चरेस्क परंपरेतील गोडवा मोडून काढतात, ही त्यांची जमेची बाजू होय. परंतु इतिहासाच्या जागी तेथे भूतकथा येते. वास्तू पछाडलेली दिसते, पाडलेली दिसत नाही.

फे गॉडविन (१९३१-२००५) हिची दिशा अधिक फलदायी वाटते. ‘लँड’ (१९८५) या संग्रहानंतर ‘अवर फॉरबिडन लँड’ (१९९०) मध्ये तिने जमिनीवर मालकी कोणाची आणि तेथे पाऊल ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. रॅम्बलर्स असोसिएशन या पदभ्रमंती करणाऱ्यांच्या संघटनेची ती अध्यक्षही होती. भग्न वास्तूंच्या छायाचित्रणाला हा प्रश्न थेट लागू पडतो, कारण मठविसर्जन हे मुळात जमिनीचे हस्तांतरण होते. कुंपण, तिकीटघर आणि सूचनाफलक चौकटीबाहेर ठेवण्याची रूढी सोडली, तर दृश्याचा इतिहास पुन्हा दिसू लागतो.

कॉर्फच्या बाबतीत हे सहज तपासता येते. पश्चिमेकडील टेकडीवरून धुक्यात घेतलेले चित्र किल्ल्याला स्वप्नवत करते. तोच किल्ला नैर्ऋत्येकडील दरवाजासमोर उभे राहून टिपला तर सुरुंगामुळे दरवाजाचा अर्धा भाग उताराने खाली सरकलेला व कमानीच्या दोन बाजू वरखाली झालेल्या दिसतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र दुसऱ्या चित्रात १६४६ हे वर्ष वाचता येते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, इंग्लंडमधील भग्नावशेषांच्या छायाचित्रणात सौंदर्याची परंपरा समृद्ध असली तरी तिने विध्वंसाच्या कर्त्याला सातत्याने चौकटीबाहेर ठेवले आहे. यात दोष सौंदर्याचा नाही. एकाच अंतरावरून, एकाच वेळी, एकाच भागाकडे पाहण्याच्या रूढीचा तो दोष आहे. छायाचित्र एकट्याने साल सांगू शकत नाही, हे खरे. तथापि जागेची निवड, घावांचे जवळून दर्शन, चित्रांचा क्रम आणि सोबतची नेमकी ओळ यांद्वारे ते प्रश्न जागा ठेवू शकते.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या वाटा व तटबंदी हेतुपुरस्सर मोडल्या. पार्लमेंटने कॉर्फबाबत जो विचार केला होता, तोच येथेही होता. २०२५ मध्ये १२ मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला असून त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. त्यांची पावसाळी, ढगांत बुडालेली छायाचित्रे मनोहर आहेत. त्या ढगांखालचा तुटलेला तटही चित्रात येईल, तेव्हाच ती त्या किल्ल्यांची छायाचित्रे ठरतील.