खण, चोळी आणि शिवणाचे वर्ग

देवीची ओटी भरण्याचा विधी आपल्या समाजात अजून निष्ठेने चालतो. कवळ्याची श्रीशांतादुर्गा असो, म्हार्दोळची म्हाळसा असो, कोल्हापूरची अंबाबाई असो, की सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा असो. तांदूळ, नारळ, सुपारी, हळदकुंकू आणि खण ह्यांवाचून ओटी पुरी होत नाही. शेजारच्या कानडी भगिनी ह्याच विधीस ‘उडी तुंबुवुदु’ म्हणतात. ह्या साहित्यापैकी तांदळाचा भात होतो, नारळाचा प्रसाद होतो, हळदकुंकू कपाळी लागते. खणाचे मात्र बहुधा पुढे काहीच होत नाही. तो कपाटात पडतो आणि पुढल्या हळदीकुंकवास दुसऱ्या कोणाच्या ओटीत जातो. हुंडीही अशीच हातोहात फिरते. परंतु ती अखेर कोणत्या तरी पेढीवर वटते. हा खण कोठेच वटत नाही, कारण तो वटविण्याची, म्हणजे त्याची चोळी करण्याची, विद्या बहुतेक घरांतून गेली आहे. ती का गेली, आणि तिच्या जागी शिवणाच्या वर्गांतून जे शिकविले जाते त्याची योग्यता काय, ह्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. खण हे मुळात मापाचे नाव आहे. एका चोळीस पुरेल इतके कापड तो खण; त्यास चोळखण असेही म्हणत आले आहेत. पुढे ज्या काठाच्या व नक्षीच्या कापडाचे असे तुकडे विकले जात, त्या कापडासही तेच नाव पडले. बदामीजवळच्या गुळेदगुड्ड गावी हे कापड विणण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या नक्षीत देवाचा रथ आहे, हत्तीचे पाऊल आहे, सूर्यनारायण आहे. विणकर मागावर बसतो तेव्हाच त्याच्या मनात चोळी असते. काठ कोठे यावा आणि अंगभर नक्षी कोठे पसरावी हे चोळीच्या हिशेबाने ठरलेले असते. म्हणजे खण ही अर्धी झालेली चोळीच होय. उरलेले अर्धे काम बेतणाऱ्या हाताचे.

‘बेतणे’ ह्या शब्दाचा अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. कापडावर माप धरून ते कापणे म्हणजे बेतणे. आणि ‘बेत’ म्हणजे मनातील योजना. आपल्या भाषेने कातर चालविण्यापूर्वीच्या विचारास आणि कातर चालविण्यास एकच धातू वापरला, ह्यात ह्या कलेचे मर्म आले आहे. शिवण त्यानंतरची गोष्ट. शिवण चुकली तर उसवता येते. बेत चुकला तर कापड गेले.

आता शिवणाचे वर्ग आणि त्यांत वापरली जाणारी पुस्तके पाहावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वर्षभराचा शिक्षणक्रम घ्या किंवा एखाद्या गृहिणीने ओसरीवर चालविलेला वर्ग घ्या, ब्लाउज शिकविण्याची पद्धत साधारणतः एकच आहे. विद्यार्थिनी प्रथम फितीने अंगाचे माप घेते. छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात ढिलाई मिळवावयाची, बारावा भाग गळ्याच्या रुंदीस धरावयाचा, मुंढ्याची खोलीही अशाच एखाद्या भागाकाराने काढावयाची. मग कागदावर आकृती काढून ती कापडावर ठेवावयाची आणि आकृतीबाहेरचे कापड कातरून टाकावयाचे. छातीचा घाट टक्स घेऊन साधावयाचा. छातीच्या एका मापावरून सारे अंग गणिताने काढण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकातील विलायती शिंप्यांनी कोटासाठी वाढविली. ती पोलके, झंपर ह्या वाटेने आपल्या घरांत आली आणि ब्लाउजात स्थिर झाली.

रीत परकी म्हणून वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तिचे गुण उघड आहेत. ती थोड्या दिवसांत शिकविता येते. आकृती कागदावर असल्यामुळे एका गावची बाई दुसऱ्या गावच्या बाईचे पोलके तिला न पाहता बेतू शकते. आणि ह्या गणिताच्या व यंत्राच्या आधाराने असंख्य स्त्रियांनी आपले संसार सावरले आहेत. ज्या विद्येने पोट भरते तिची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. ही एकच रीत म्हणजे शिवणकला, असे वर्गात गृहीत धरले जाते. आणि चोळी आलीच तर ती ‘जुना पोशाख’ म्हणून चित्रापुरती येते, तिच्या बेताचे शास्त्र येत नाही. विद्यार्थिनीचा समज असा होतो की, आजीची चोळी म्हणजे मापे ठाऊक नसलेल्या काळातील ओबडधोबड ब्लाउज.

वस्तुतः तिची जातच वेगळी आहे. ब्लाउजाचा विचार अंगापासून सुरू होतो, चोळीचा कापडापासून. समोर खण पसरला की पहिला प्रश्न असतो काठांचा: हे दोन काठ बाह्यांच्या कडेस व खालच्या पट्ट्यास कसे येतील? त्याचे उत्तर मिळाले की बाह्यांची आणि पाठीची जागा ठरते. उरलेल्या कापडात पुढचे दोन भाग बसवावयाचे. त्यांची खालची टोके गाठीसाठी लांब राखावयाची. काखेत लहान चौकोनी तुकडा तिरपा बसवावयाचा, म्हणजे हात वर उचलला तरी चोळी वर चढत नाही आणि शिवण उसवत नाही. छातीचा घाट टक्सने दाबून आणावयाचा नसतो. तो तुकड्यांच्या जोडांतून आणि पुढील गाठीच्या ताणातून येतो. तुकडे बहुतेक सरळ कडांचे असल्यामुळे एकाच्या कडेस दुसरा बेतला जातो आणि चिंधी जवळजवळ उरत नाही. जेथे कापड महाग आणि कष्ट स्वस्त होते, तेथे हा हिशेब निघाला हे उघड आहे. पण हिशेब तो हिशेबच, आणि तो पक्का आहे.

ह्या बेताचा दुसरा गुण स्त्रीच्या देहाशी निगडित आहे. टक्स घेतलेला ब्लाउज एका दिवशीच्या एका मापाचा असतो. बाईचे अंग मात्र वर्षभर एका मापाचे राहत नाही. ती गरोदर राहते, बाळंतीण होते, मूल अंगावर पिते, आजारात वाळते, पुन्हा भरते. पुढची गाठ थोडी सैल वा थोडी घट्ट केली की चोळी ह्या साऱ्या अवस्थांत चालते, आणि लेकरास पाजावयास घेताना गाठ सोडली की काम झाले. शिवाय शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवावयाचे त्यास आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. पुढे कधी अंग भरले तर उसवून वाढविता यावे म्हणून ठेवलेली ही तरतूद. त्या कापडास हे नाव ज्याने दिले त्यास शिवणही कळत होती आणि संसारही. दुकानात तयार मिळणाऱ्या कपड्यांत बहुधा सर्वांत आधी हीच कापली जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. खणाची थोरवी गाताना त्याने कोणास वगळले हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घरांत केशवपनाची रूढी होती तेथे विधवेच्या अंगावरील चोळी गेली आणि तिला अलवण नेसावे लागले. तिच्या ओटीत खण पडणे तर दूरच. ज्या बाईने मुलीबाळींच्या चोळ्या बेतून बोटांस घट्टे पाडून घेतले, तिलाच ती घालण्याची मनाई, असा प्रकार आपल्या समाजात घडला आहे. तेव्हा ही विद्या पुन्हा शिकावयाची तर ती सौभाग्याचा दाखला मागून शिकवू नये. आमच्या मते देवीच्या प्रसादास पात्र होण्यासाठी स्त्री असणे पुरेसे आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण तो आमचा रोजचा व्यवसाय आणि चोळीचा त्याच्याशी संबंध जुना आहे. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात, ख्रिस्ती झालेल्या येथील पुरुषांनी पुडवे नेसू नये व स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी आज्ञा होती. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे ते फर्मान अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. धर्म बदलला तरी चोळी अंगावर राहिली आणि तिच्याबरोबर जुने नाते राहिले, ही राज्यकर्त्यांची तक्रार होती. कपड्याच्या एका बेतात किती स्मृती साठलेली असते, ह्याची ही उलट साक्ष होय. आज चोळीवर कोणाचीही बंदी नाही. ती आपण आपल्या हाताने ठेवून दिली आहे.

आजचा कायदा उलट संरक्षण देऊ पाहतो. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आला, आणि गुळेदगुड्डच्या खणास त्याखाली नोंदणी मिळाली आहे. ही समाधानाची गोष्ट आहे; परंतु तिची मर्यादा ओळखावी. असा कायदा नावाचे रक्षण करतो. गुळेदगुड्डचे नाव लावून दुसरीकडचे यंत्राचे कापड विकणाऱ्यास तो अडवू शकेल. खण विकत घेणाऱ्या बाईस त्याची चोळी बेतता यावी, अशी तजवीज तो करू शकत नाही. विद्येचे रक्षण शिकण्यानेच होते.

गेल्या काही वर्षांत खणास पुन्हा बरे दिवस आल्याचे दिसते. खणाच्या साड्या, पिशव्या, उशांचे अभ्रे, भिंतीवरच्या चौकटी ह्यांस मागणी आहे. विणकराच्या घरी त्यामुळे दोन पैसे जास्त जात असतील तर आम्ही त्याचे स्वागतच करू. तथापि जे कापड चोळीसाठी विणले गेले त्याचे सर्व काही व्हावे आणि चोळी तेवढी होऊ नये, हा विपर्यास नजरेआड करता येत नाही. त्याच वेळी ओटीसाठी म्हणून बाजारात जे ब्लाउजपीस मिळते, ते पुष्कळदा इतके आखूड व विरविरीत असते की कोणाही प्रौढ स्त्रीचे अंग त्यात झाकणार नाही. घेणारी ते शिवणार नाही हे देणारीस ठाऊक, आणि देणारीस ते ठाऊक आहे हे घेणारीस ठाऊक. असे दान शास्त्राच्या कसोटीस उतरणार नाही, आणि आमच्या अल्प समजुतीप्रमाणे साध्या प्रामाणिकपणाच्याही उतरणार नाही.

मग शिकावे कसे? ह्यास मोठ्या ग्रंथाची गरज नाही. घरात कोणाची जुनी हाती शिवलेली चोळी असेल तर ती धुऊन, टाके मोजून, सावकाश उसवावी. निघालेले तुकडे जमिनीवर मांडावे आणि काठास काठ, नक्षीस नक्षी लावीत ते पुन्हा जुळवावे. तुकडे नीट जुळले की मूळ खणाचा चौकोन डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि बेतणाऱ्या हाताने कोणता विचार कोणत्या क्रमाने केला हे वाचता येते. तोच चौकोन रद्दी कागदावर कापून पाहावा, मग साध्या मांजरपाटावर, आणि शेवटी खणावर. धावदोरा, तुरपाई, काखेचा तुकडा तिरपा बसविणे आणि गाठीचे टोक दुमडणे इतके हातात आले की निम्मी चोळी आली. ज्यांच्या घरी चोळी उरली नाही त्यांनी जुन्या शिंप्याकडे जावे. नामदेवरायांच्या ज्ञातीतील हे कारागीर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक सांगू शकतील; त्यांस विचारणारेच कमी झाले आहेत.

ह्या कामी देवस्थानांनी पुढे व्हावे अशी आमची सूचना आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजन पाहतात. देवीपुढे येणाऱ्या खणांचा ढीग त्यांच्या नजरेसमोर असतो. त्यांपैकी धड असलेले खण निवडून मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून एक दिवस चोळीचा वर्ग भरवावा; शिकविण्यास एखादी वृद्ध बाई किंवा एखादा शिंपी मानधन देऊन नेमावा; शिवलेल्या चोळ्या गरजू स्त्रियांस, सधवा-विधवा असा भेद न करता, प्रसाद म्हणून द्याव्या. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मंडळांसही हे सहज करता येईल. वर्गात गणिताची आकृती अवश्य शिकवावी. तिच्याजवळ खणाचा बेतही मांडावा, म्हणजे मुलींस दोन्ही रीतींतील भेद स्वतःच्या हाताने कळेल आणि कोणती केव्हा वापरावी हे त्या ठरवतील.

आणि तोवर निदान एवढे तरी पाळावे, की ज्या खणाची चोळी होऊ शकणार नाही तो कोणाच्याही ओटीत घालू नये. देवीच्या तर नाहीच नाही.