पदर अडकला, की तोंड उघडं होतं?

ऑक्टोबर लागला आणि सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की लातूर-नांदेडकडच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी येतेच. मळणी यंत्रात पदर अडकून महिलेचा मृत्यू. कधी पदराऐवजी ओढणी असते, कधी हात. गावाचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं.

पेटची तयारी करताना तुम्ही संशोधन पद्धतीवर बरंच वाचत असाल. ते थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ह्या एका वाक्याचं व्याकरण बघा. अडकला कोण? पदर. यंत्र वाक्यात आहे, पण सप्तमीत, घटना घडली ती जागा म्हणून. जशी विहीर असते किंवा ओढा असतो. विहिरीला कुणी जाब विचारत नाही. पण मळणी यंत्र विहीर नाही. ते कुणीतरी आखलेलं, कापलेलं, वेल्डिंग केलेलं आणि विकलेलं आहे. संशोधनात हीच गफलत सभ्य भाषेत येते. प्रश्नावलीत 'अपघाताचं कारण' असा रकाना असतो आणि खाली पर्याय: निष्काळजीपणा, थकवा, सैल कपडे, नशा. चारही पर्याय माणसाचे. यंत्राची आखणी हा पर्याय आपण छापलाच नाही, मग तो उत्तरात येणार कुठून?

आता यंत्राकडे या. आपल्याकडं ज्याला हडंबा म्हणतात त्याच्यासमोर उभं राहून बघा. ट्रॅक्टरच्या शाफ्टवर चालणारं यंत्र, आत जोरात फिरणारा ड्रम, आणि बनिमीतून काढलेलं सोयाबीन कवळ्यानं आत लोटणारी माणसं. परतीच्या पावसात भिजलेलं पीक गुंतलेलं असतं, तोंडाशी तुंबतं, आणि ते आत ढकलायला सगळ्यात जवळचं अवजार म्हणजे हात. हे कुणाला माहीत नाही असं नाही. उत्तर भारतात गव्हाच्या मळणी यंत्रांनी अनेकांचे हात गेले, त्यानंतर 1979 मध्येच पीक टाकण्याच्या सुरक्षित व्यवस्थेचं भारतीय मानक आलं, क्रमांक 9129. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे: पीक टाकायची पन्हाळ निदान 900 मिलिमीटर लांब हवी आणि त्यातली ड्रमकडची निदान 450 मिलिमीटर वरून झाकलेली हवी. का? कारण माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्याहून आखूड असतो. हात आत घातला तरी ड्रमपर्यंत पोचू नये, एवढंच गणित. इथं कुणाच्या सावधपणावर भरवसा ठेवलेला नाही, आणि मला हे मानक आवडतं ते त्यासाठीच. अभियांत्रिकीत सुरक्षेची एक उतरंड शिकवतात: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर आडोसा घाला, आणि उरलेल्यासाठी सूचना लिहा. 'सैल कपडे घालू नका' हे स्टिकर सगळ्यात खालच्या पायरीवरचं आहे. आपल्याकडं चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथंच संपते.

कायदाही झाला. 1983 चा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा मुख्यतः मळणी यंत्रांसाठीच आहे. यंत्र बनवणाऱ्याला परवाना, यंत्र मानकाप्रमाणे, आणि कामगाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची. म्हणजे आखणी एकाची आणि भरपाई दुसऱ्याची. हा सांधा इथंच निसटला.

तो जोडेल असं वाटलं होतं ते 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं. जुलै 2020 पासून लागू झालेल्या ह्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र सहावं प्रकरण आहे, कलम 82 ते 87. कलम 84 म्हणतं की आखणीतच दोष असेल तर उत्पादक जबाबदार. कलम 86 म्हणतं की उत्पादक कोण ते कळत नसेल तर विक्रेता जबाबदार, आणि नावाची पाटी नसलेल्या यंत्रासाठी हे फार कामाचं आहे. वाचताना वाटतं, झालं की काम! पण कायदा वाचताना अपवादांचं कलम सगळ्यात आधी वाचावं, हे मी उशिरा शिकलो.

कलम 87 बघा. यंत्र मालकानं कामाच्या जागेसाठी घेतलं असेल आणि उत्पादकानं त्या मालकाला सूचना दिल्या असतील, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. ज्या बाईचा हात जाणार, तिच्यापर्यंत ती सूचना पोचली का, हे कायदा विचारत नाही. पुस्तिका मालकाच्या घरात कपाटात असली तरी पुरे. पुढं आणखी एक: धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला असेल तर इशारा न दिल्याचा दोष नाही. हडंबा धोकादायक आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे यंत्र जितकं उघड भयानक, तितका उत्पादक सुरक्षित!

पण इथं घाई करू नका. मी आधी केली होती. हे अपवाद इशाऱ्याच्या दाव्यापुरते आहेत; आखणीतल्या दोषाच्या दाव्याला ते लागू होत नाहीत. यंत्रात फेरफार केल्याचा बचावही ह्या कलमात विक्रेत्याच्या बाजूनं लिहिला आहे. मग आखणीची वाट मोकळी आहे, फक्त तिला पुरावा लागतो: पन्हाळ किती लांब, किती झाकलेली, झाकण मूळचंच नव्हतं की नंतर कापलं. ही मापं त्या दिवशी घेतली नाहीत तर आठवडाभरात यंत्र दुसऱ्या शिवारात रास करत असतं. दावा करायला मुदत दोन वर्षं आहे, पुरावा तेवढा टिकत नाही.

शिवाय 'ग्राहक' कोण? खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणारा ग्राहकच, असं कायदा म्हणतो, तेव्हा मजूर बाई आत येते. पण व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ह्यातून वगळली आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला पुन्हा सूट आहे. कट्ट्यामागं दर घेऊन, दहा माणसं लावून गावोगाव रास करणारा ट्रॅक्टरवाला कशात मोडतो? हा प्रश्न कुणाच्या तरी प्रबंधाची वाट बघतोय. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये ग्रीनमन खटल्यात अशाच एका यंत्राबाबत निकाल दिला होता. यंत्र बायकोनं नवऱ्याला भेट दिलं होतं, खरेदी त्याची नव्हतीच. न्यायालयानं करार बाजूला ठेवला आणि वस्तू सदोष होती का, एवढंच पाहिलं.

मग प्रत्यक्षात पैसे देतं कोण? बहुतेकदा सरकार. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात गेला तर एक लाख. योजना हवीच, तिच्यावर माझा राग नाही. पण पात्र कोण, तर खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. गुत्त्यानं रास करणाऱ्या भूमिहीन मजुराकडं सातबारा कुठला? तोंडाशी सगळ्यात जवळ जो उभा, तोच बाहेर. आणि ज्याला पैसे मिळतात, त्यालाही यंत्राची मापं कुणी विचारत नाही. बनवणाऱ्याला एक रुपयाची झळ नसेल तर त्यानं झाकणाचा पत्रा का वाढवावा?

दुसरी बाजूही खरी आहे. आपल्याकडची यंत्रं अनेकदा छोट्या वर्कशॉपात बनतात. एका दाव्यात वर्कशॉप बंद पडेल. झाकण असलं की वेग कमी होतो, म्हणून मालकच ते काढायला लावतो, कारण दर कट्ट्यावर आहे आणि आभाळ भरून आलंय. पण हे सगळं आधीच माहीत आहे ना? मग झाकण सहज निघेल असं बसवणं हाही आखणीचाच निर्णय झाला. माझ्या मते ह्या विषयावरचा सगळ्यात सुपीक प्रश्न इथं आहे, आणि तो कायदा, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा तिन्ही विभागांच्या मधल्या बोळात पडलाय. सिनॉप्सिस लिहिताना विभागाच्या चौकटीत बसत नाही म्हणून तो टाकून देऊ नका.

सुरुवात स्वस्तात होते. मोजपट्टी घ्या, मालकाची परवानगी घ्या, यंत्र बंद असताना जा. पन्हाळीची लांबी, झाकलेला भाग, शाफ्टवर आडोसा आहे का, पाटीवर नाव आहे का, एवढं लिहा. झाकणाच्या कडेला वेल्डिंग कापल्याची खूण दिसली तर फोटो काढा, आणि ते कुणी कापलं हे मालकाला विचारण्याआधी मजुरांना विचारा, मालक तिथं नसताना.