हरीण घरी कोणी आणलं?

आजचा विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हरणाचं मांस कुठून आलं? ते आलं एका विद्यार्थ्याकडून, आणि त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. आम्ही तेव्हा चंद्रपुरात शिकवत होतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला, पण तिकडची मुलं शिकायला आमच्याकडेच येत. पावसाळ्यात नद्या चढल्या की घरी जाणं बंद. त्यामुळे वसतिगृहात बरीच मोकळी संध्याकाळ असे, आणि अशा संध्याकाळी आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी वाचून दाखवत असू.

एकदा ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाचा शिकारीवरचा निबंध घेतला. तो १९४२ सालचा. येबेस नावाच्या एका सरदाराने आपल्या शिकारीच्या आठवणी लिहिल्या, त्याला प्रस्तावना म्हणून ओर्तेगाने तो लिहिला. इंग्रजीत पुस्तकरूपाने आला १९७२ मध्ये. योगायोग पाहा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा! निबंध देखणा आहे. ओर्तेगा म्हणतो तो साधारण असा : एका प्राण्याने आपल्याहून खालच्या पायरीवरच्या दुसऱ्या प्राण्याला, जिवंत किंवा मृत, आपल्या ताब्यात घेणं म्हणजे शिकार. हौशी शिकाऱ्याला मारण्यात रस नसतो, रस असतो शिकार करण्यात. पण मृत्यू झाला नाही तर ती शिकार खरी होत नाही, म्हणून मारणं येतं. कॅमेऱ्याने शिकार करणाऱ्यांची तो थट्टा करतो. आणि शेवटी शिकाऱ्याला तो सावध माणसाचा नमुना ठरवतो, जो सगळ्या दिशांना एकाच वेळी लक्ष देतो.

आम्ही रंगात येऊन हे सांगत होतो. मागच्या बाकावर एटापल्लीकडचा एक माडिया मुलगा होता. एरवी बोलत नसे. तो म्हणाला, "सर, मग ते हरीण घरी कोणी आणलं?"

बाकीची मुलं हसली. आम्हीही हसलो, हे आज कबूल करायला हवं. आम्हाला वाटलं, याला विषय कळला नाही. विषय आम्हाला कळला नव्हता.

आता या प्रश्नाकडे नीट पाहू. चितळाचा पूर्ण वाढलेला नर सहज सत्तर-ऐंशी किलोंचा असतो. पोट रिकामं केलं तरी दोन माणसांचं ओझं उरतं. चारी पाय एकत्र बांधायचे, मधून बांबू घालायचा, आणि पुढे एक, मागे एक असं खांद्यावर घ्यायचं. मेलेलं जनावर बांबूवर झुलतं. पुढच्याचं आणि मागच्याचं पाऊल जुळलं नाही तर ते झुलणं वाढतं आणि खांदा सोलून निघतो. वाट म्हणजे नाले आणि बांबूची बेटं. उन्हाळा असेल तर आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मांस काही तासांत खराब व्हायला लागतं. मग जागीच तुकडे करायचे, पानांत गुंडाळायचे, कावडीच्या दोन टोकांना सारखं वजन लावायचं. रात्र पडली तर आग पेटवून राखण करत बसायचं, कारण रक्ताचा वास आपल्यालाच येतो असं थोडंच आहे? बाण सुटायला एक क्षण लागतो. हे सगळं व्हायला अख्खा दिवस जातो, कधी दीड दिवस.

त्या मुलाने नंतर आम्हाला सांगितलं, की त्याच्या गावात वाटा कसा पडेल हे या वाटेवरच ठरत असे. ज्याचा बाण लागला त्याचा मान होता. पण ज्याने खांदा दिला त्याचा वाटा कोणी नाकारू शकत नसे. घरी बसलेल्या म्हाताऱ्याचाही असे, कुत्र्याचाही. "एकट्याने मारलं तर एकट्याने आणावं लागेल," तो म्हणाला, "आणि एकट्याला आणता येत नाही." आम्ही हे वाक्य तेव्हा वहीत लिहून ठेवलं. नीतिशास्त्रावरची पुष्कळ पुस्तकं आम्ही शिकवली आहेत, पण मालकी आणि श्रम यांचा संबंध इतक्या सरळपणे मांडलेला त्यांत क्वचित सापडला.

ओर्तेगाकडे परत जाऊ. त्याच्या व्याख्येचा मध्य आहे 'ताबा'. आमचा आक्षेप असा, की ताबा म्हणजे काय हे तो बंदुकीच्या टोकापाशीच ठरवून मोकळा होतो. हरीण पडलं, ताबा झाला. पण रानात पडलेलं हरीण कोणाच्याही ताब्यात नसतं. तासाभरात ते गिधाडांचं होईल, तरसाचं होईल, मुंग्यांचं होईल. ते आपलं व्हायला चालावं लागतं. प्राण्यांनाही हे लागू आहे. ताडोब्यातली रानकुत्री शिकार करतात, पोटात मांस भरून परत येतात आणि पिलांपुढे ओकून टाकतात. त्यांची शिकार पिलांच्या तोंडाशी पुरी होते. ओर्तेगा शिकारीला माणूस आणि प्राणी यांच्यातला समान धागा मानतो, मग हा धागा त्याला का दिसला नाही?

आमचं उत्तर थोडं कडू आहे. सरदाराच्या शिकारीत ओझं उचलणारी माणसं वेगळी असतात, आणि जो उचलत नाही त्याला ओझं दिसत नाही. हा दोष एकट्या स्पॅनिश माणसाचा नाही. कॅप्टन फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१चं. त्याच्या उपशीर्षकातच जंगलं, रानटी जमाती, प्राणिसृष्टी आणि शिकारीचा खेळ असे चारही विषय एका ओळीत येतात. साहेबाच्या नजरेत गोंड माणूस जंगल आणि जनावर यांच्यामध्ये बसवलेला आहे. अशा पुस्तकांत गोळी कुठे लागली, किती अंतरावरून लागली, शिंग किती इंच भरलं, हे सगळं असतं. तंबूपर्यंत जनावर आपोआप येतं. जिम कॉर्बेट आम्हाला यात थोडा वेगळा वाटतो. चंपावतच्या वाघिणीच्या गोष्टीत तिला खांबाला बांधून गावागावांतून मिरवत नेण्यासाठी लोक पुढे येतात, आणि कॉर्बेटला त्या मिरवणुकीचं मोल कळतं.

आपल्या जुन्या वाङ्मयाला मात्र ही नजर होती. शाकुंतलाचा दुसरा अंक आठवा. सेनापती राजाला मृगयेचे फायदे सांगतो, की पोट उतरतं, अंग हलकं होतं. आजच्या जिमची जाहिरातच म्हणा ना! आणि त्याआधी विदूषक येऊन रडगाणं गातो, की सांधे दुखतात, पाणी घाण मिळतं, जेवण वेळेवर नाही. आपण त्याला हसतो. आम्हाला वाटतं त्या अंकात शिकारीबद्दल खरं बोलणारा तो एकटाच आहे, कारण तोच एकटा दमलेला आहे.

दुसरं उदाहरण जरा जपून देतो. हल्ली लोकांच्या भावना लवकर दुखावतात, आणि इथे आम्हाला आहाराचा वाद घालायचा नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मारीच मरताना रामाच्या आवाजात ओरडतो. राम घाबरतो, त्याला अनिष्टाची शंका येते. आणि त्याही स्थितीत, कवी सांगतो, त्याने दुसरं एक ठिपक्यांचं हरीण मारलं, त्याचं मांस घेतलं आणि तो घाईघाईने जनस्थानाकडे निघाला. काही टीकाकारांना हे अवघड वाटतं. आम्हाला ही ओळ फार मानवी वाटते. रानात राहणारा माणूस आहे, घरी दोघं जेवायची आहेत, रिकाम्या हाताने कसा जाईल? मांस वाहतोय तो स्वतः, पायी. दंडकारण्य म्हणजे नेमका कोणता प्रदेश यावर पंडितांनी भांडावं, पण गडचिरोली-बस्तरच्या लोकांना ते आपलंच रान वाटतं, आणि रामाची ती घाईची चाल त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या जवळची गोष्ट. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला गेले. त्यानंतरचा तो प्रसंग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. शिकारीहून परतणारे माडिया लोक, बांबूला बांधलेली मेलेली माकडीण आणि तिच्या छातीला चिकटलेलं जिवंत पिल्लू. आमट्यांनी पिल्लू मागितलं, बदल्यात तांदूळ दिले. त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. २०१४च्या चित्रपटामुळे हे सगळं घरोघरी पोचलं.

आमची तक्रार आमट्यांबद्दल नाही. तक्रार ही गोष्ट आपण ज्या पद्धतीने सांगतो तिच्याबद्दल आहे. व्याख्यानांत, शाळेच्या भाषणांत ती पिल्लापाशी सुरू होते आणि पिल्लापाशी संपते. बांबूच्या दोन टोकांना जी माणसं होती ती कुठे गेली? किती तास चालून आली होती? घरी कोण वाट पाहत होतं? डॉक्टरांनी उपदेश केला नाही, तांदूळ दिले. त्या तांदळात त्यांनी ओळखलं होतं की समोरचं ओझं म्हणजे जेवण आहे, आणि जेवणाचा मोबदला जेवणानेच द्यावा लागतो. गोष्टीतला खरा नैतिक निर्णय तिथे आहे. आपण टाळ्या वाजवतो करुणेला. करुणा होतीच, पण तिच्या आधी हिशेब प्रामाणिक होता.

कायद्याने काय केलं? १९७२च्या कायद्यात सुरुवातीला परवान्यावर काही शिकार करता येत होती. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. कलम ३९ प्रमाणे बेकायदा मारलेला वन्यप्राणी आणि त्याचं मांस ही सरकारची मालमत्ता. कलम ५७ प्रमाणे मांस तुमच्याजवळ सापडलं तर ते बेकायदा आहे असं गृहीत धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायचं तुम्ही. म्हणजे कायदा वाटेवर उभा आहे. बाण कोणी पाहत नाही, खांदा दिसतो. ज्याने मारलं तो सुटू शकतो, ज्याने वाहिलं तो सापडतो. २००६च्या वनहक्क कायद्याने परंपरेचे कितीतरी हक्क मान्य केले, पण त्यातूनही शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

आम्ही स्वतः शिकारबंदीच्या बाजूचे आहोत, हे लपवत नाही. चितळ कमी झाली की वाघ गुरांकडे वळतो, मग माणसांकडे. चंद्रपूरकरांना हे सांगायला नको. शिवाय आज मांस वाहणारा प्रत्येक जण भुकेलाच असतो असंही नाही. मोटारसायकलवर मांस विकायला नेणारेही आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हाला काही कळवळा नाही. पण बंदी बरोबर असणं आणि बंदी ज्याच्यावर पडली त्याचं वर्णन बरोबर असणं, या दोन गोष्टी आहेत. वर्तमानपत्रात दोघांनाही 'तस्कर' एकच शब्द लागतो, तेव्हा भाषेने आळस केलेला असतो.

रानातून बाहेर काय नेता येतं, हा प्रश्न गडचिरोलीत नुसता मांसाचा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला. पण तो रानाबाहेर काढायचा तर वाहतुकीचा पास हवा, आणि पास वनखात्याकडे. १९२७च्या वन कायद्यातच वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. मग एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे तो हक्क पायावर उभा राहिला. ओर्तेगाला हे दाखवायला हवं होतं. ताबा कुठे पुरा होतो? मेंढ्याच्या माणसांना विचारा. ते म्हणतील, नाक्याच्या पलीकडे.

तिकडे अलास्कात परवानाधारक शिकाऱ्यांसाठी नियम असा आहे, की खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा. आणि शिंगं न्यायची ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर, आधी नाही. कित्येक मैल पाठीवर वाहून आणतात लोक. आम्हाला हा नियम आवडतो, कारण त्यात शिंगापेक्षा मांसाला मान आहे. ओर्तेगाच्या सरदाराला तो कितपत मानवला असता, शंका आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "सर, हे लिहून ठेवावं लागतं का?"

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. "पुढे येईल ते" असं म्हणून पान उलटलं. पुढे ते आलं नाही. निबंध संपला, मुलं जेवायला गेली. तो शेवटपर्यंत बसून होता, आणि जाताना त्याने आमची पुस्तकांची पिशवी उचलून खोलीपर्यंत आणून दिली. त्याचं आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही.

आता वेळ झाली. प्रश्न असतील तर विचारा.