मारिया लाई : लोककथा आणि धागा

मारिया लाई (१९१९–२०१३) यांच्या कलाकृतींना ‘लोककलेची आधुनिक आवृत्ती’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हे वर्णन सोयीचे खरे, परंतु नेमके नव्हे. सार्डिनिया बेटावरील उलास्साई या डोंगराळ खेड्यात त्यांचा जन्म झाला. रोम येथे व पुढे व्हेनिसच्या कला-अकादमीत आर्तुरो मार्तिनी या शिल्पकाराच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. लोकपरंपरेकडे त्या वळल्या त्या हे शिक्षण पचवून. म्हणूनच परंपरेतील नक्षी त्यांनी उचलली नाही, साधने उचलली.

१९६० नंतरच्या दशकात त्यांनी रचलेले ‘माग’ पाहावेत. लाकडी चौकट आहे, ताणलेले सूत आहे. कापड मात्र विणले जात नाही. उपयोगातून सुटलेला माग निव्वळ रेषांची रचना होऊन बसतो. पुढील ‘शिवलेल्या पुस्तकां’त दोऱ्याच्या ओळी हस्ताक्षराचा आभास निर्माण करतात आणि वाचू जाता एकही अक्षर लागत नाही. ही युक्ती पुनरुक्तीमुळे क्वचित सैल पडते, हेही नमूद केले पाहिजे.

या कलेची खरी कसोटी लागली ती ८ सप्टेंबर १९८१ रोजी. गावाने मागितले होते युद्धस्मारक. लाई यांनी जिवंतांसाठी काही करण्याचा आग्रह धरला. आधार घेतला तो गावच्याच कथेचा. डोंगरातील मेंढपाळांना पाव पोचवायला गेलेली मुलगी वादळात गुहेचा आसरा घेते. आकाशात तरंगणारी निळी फीत पाहून ती बाहेर धावते, आणि मागे गुहा कोसळते. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या निळ्या फितीने गावकऱ्यांनी घरे एकमेकांस व अखेर गेदिली डोंगरास बांधली. जुन्या वैरांमुळे गाव प्रथम राजी नव्हते. तेव्हा संकेत ठरला : मैत्री नसेल तेथे फीत सरळ जावी, मैत्री असेल तेथे गाठ बसावी, प्रेम असेल तेथे सणाचा पाव बांधावा.

गावाच्या एकोप्याचा उत्सव म्हणून या कृतीचा गौरव करणारे नेमका हा संकेत विसरतात. कथेतील फीत वाचवते. गावातील फीत उघडे पाडते. शिवाय गाठ द्यावी की न द्यावी, हा निर्णय कलावतीचा नव्हता, घरधन्यांचा होता. पुढे रूढ झालेल्या ‘संबंधलक्ष्यी कला’ या संज्ञेत हा कडवटपणा मावत नाही. २०१७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाने व कासेल-अथेन्सच्या ‘डॉक्युमेंटा’ने लाई यांना जगापुढे आणले. तथापि १९८१ च्या त्या दिवसाची उरली आहेत ती छायाचित्रे आणि चित्रफीत; कोणत्या दोन दारांमध्ये गाठ नव्हती, हे त्यांतून वाचायला उलास्साईचाच माणूस लागतो.