जैत कोणाची?

गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ मी आजवर चार वेळा वाचली. तीन वेळा एकट्याने, आणि चौथ्या वेळी कर्जत तालुक्यातल्या आमच्या शाळेत, मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना. पहिल्या तीन वाचनांत मला जे दिसले नाही, ते चौथ्या वेळी एका ठाकराच्या पोराने दाखवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

कथा रसिकांच्या परिचयाची आहे. कर्नाळ्याच्या मुलखातला नाग्या हा भगताचा मुलगा. राणीमाशीच्या दर्शनाची त्याला ओढ. माश्या डसतात, डोळा जातो, आणि लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवीन असा तो पण करतो. चिंधी त्याला साथ देते. पण पुरा होतो, पण चिंधी माश्यांच्या दंशाने जाते.

या पुस्तकाचे मोठेपण निर्विवाद आहे. शहरी लेखकाच्या हाती आदिवासी पडला की तो बहुधा शोभेची बाहुली होतो किंवा कीव करण्याची वस्तू. गोनीदांचा ठाकर हट्टी आहे, देवाशीही भांडतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून मी अशी माणसे रोज पाहतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

वाचन संपले तेव्हा वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “गुरुजी, पोळी उतरली, मग माश्या कुठं गेल्या?” आणि थोड्या वेळाने, “माझा आजा सगळं पोळं कापीत नाय. पिलांचं ठेवतो.”

मी निरुत्तर झालो. आग्यामाशी उघड्यावर, कड्याच्या पोटाला एकच पोळे लावते. त्यात मध एका बाजूला आणि बाकीच्या भागात अंडी-पिले. सारे पोळे पाडले की ती पिढीच मेली. राणी कोणाला शाप देत नाही की वर देत नाही. ती अंडी घालते, एवढेच. जांभूळ आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी, यांचा मोहर फळाला येतो तो या माश्यांसारख्या कीटकांच्या येरझाऱ्यांमुळे. नाग्याने वैरी म्हणून जिला निवडले, ती त्याच्याच रानाची पोशिंदी होती.

मग गोनीदा चुकले काय? मला तसे वाटत नाही. नाग्या जिंकतो त्याच घटकेला त्याचे सर्वस्व जाते. शीर्षकातला जयजयकार तिथे घशात अडकतो. लेखकाने हिशेब मांडला आहे, बेरीज मात्र वाचकावर सोडली आहे. माझी तक्रार इतकीच की त्या हिशेबात माश्यांची बाजू कोठेच नाही. त्यांचा डंख आपल्याला कळतो, त्यांचे घर कळत नाही. जब्बार पटेलांच्या १९७७ च्या चित्रपटात तर महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचे संगीत इतके गोड आहे की शेवटची किंमत कानाआड होते. आपण ती गाणी गुणगुणत घरी येतो. दोष गाण्यांचा नव्हे, आपल्या ऐकण्याचा.

कर्नाळ्याला १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. आता त्या रानात नाग्याची भीती उरलेली नाही. भीती आहे ती आपली. सुटीच्या दिवशी अत्तर फवारून, आरडाओरडा करीत, चूल पेटवून आपण कड्याखाली बसतो, माश्या उठल्या की त्यांनाच दुष्ट ठरवतो. नाग्याने निदान पण केला होता, किंमतही मोजली होती. आपण नुसतेच सहलीला जातो.

यंदा फराळ आटोपल्यावर हे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे, अशी माझी विनंती आहे. आणि शेवटचे पान उलटले की मुलांना तोच प्रश्न विचारावा: माश्या कुठे गेल्या? त्या पोराचा आजा ज्या विवेकाने अर्धे पोळे राखतो, त्यावर एखादी कादंबरी अजून लिहिली जायची आहे.