वाकलेली पाठ

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या नम्रतेवर लई लिहून झालंय. १८९५ ला बाप्तिस्मा, १९१७ ला मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार', १९१९ ला मृत्यू. माणूस मोठाच, वाद नाही. पण नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक महार-मांग. त्यांच्यातूनही पाळक निघाले, गावोगाव हिंडले. त्यांची नम्रता कुणी का नाही लिहिली? ब्राह्मण वाकला की नम्रता, महार वाकला तर तो रिवाज. जोहार घालून वाकलेलीच पाठ ती, तिचं कसलं कौतुक!

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) मात्र खरं वाटतं. त्यात टिळकांचा संताप आहे, घरात पैसा न टिकणं आहे, आणि बाईंचा स्वतःचा विटाळ सुटता सुटत नव्हता तेही आहे. नवऱ्याला देव्हाऱ्यातून उचलून बाईनं ओट्यावर आणला. त्यानं टिळकांची अब्रू गेली नाय, वाढलीच. (भक्तमंडळींना हे पचत नाही.) तरी आमची माणसं त्यातही दिसतात ती टिळकांच्या घरातून पाहिलेली. आमच्या दारात आलेले टिळक कसे दिसले, ते कुठाय?

नगरकडच्या मित्रांनो, तुमच्या आज्या-पणज्यात कुणी पाळक असंल तर त्याची वही, पत्रं, जे काय उरलं असंल ते पाठवा. पुढच्या अंकात घेऊ.