‘गुळचट’ या समीक्षाशब्दाचा उपयोग : एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत की, ती उच्चारली की चर्चाच संपते. ‘गुळचट’ हे त्यांपैकी एक होय. कथा, कविता किंवा चित्रपटातील भावना रुचली नाही की हे विशेषण सहज लावले जाते व त्यापुढे कारण देण्याची गरज कोणालाही वाटत नाही. शालेय व्याकरणात ‘वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न असतो. शब्दाचा अर्थ पाठ असणे आणि तो योग्य जागी वापरता येणे यांतील अंतर तो प्रश्न तपासतो. समीक्षेच्या परिभाषेलाही हीच कसोटी लावली पाहिजे. प्रस्तुत लेखात ‘गुळचट’ व त्याच्या निकटच्या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करून ‘श्यामची आई’ या कृतीच्या संदर्भात त्यांचे उपयोजन तपासले आहे.

अर्थभेद :

‘चहा गोडमिट्ट झाला आहे’ आणि ‘या विहिरीचे पाणी गुळचट लागते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात साखर खरी आहे, फक्त तिचे प्रमाण चुकले आहे. दुसऱ्या वाक्यात गूळ मुळातच नाही, गोडीचा केवळ भास आहे. ‘पाणचट’, ‘गुळचट’ या शब्दांतील ‘चट’ हा प्रत्यय मूळ पदार्थ दर्शवीत नाही, तर त्याची पुसट छटा सुचवितो. म्हणजे ज्याला आपण भावनेचा अतिरेक समजून ‘गुळचट’ म्हणतो, तेथे शब्दाच्या घडणीनुसार दोष अतिरेकाचा नसून अभावाचा असतो.

याच कुळातील अन्य शब्दही एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘आजी हळवी आहे’ या वाक्यात दोषारोप नाही. ‘तो भाबडा आहे’ या वाक्यात भावना खरी पण पारख कमी, असा अर्थ आहे. ‘निवेदक भावविवश होतो’ असे म्हणताना भावनेवरील ताबा सुटल्याचे आपण सांगतो. भावना खोटी असल्याचे सांगत नाही. हे चारही निर्णय वेगळे आहेत व प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

भारतीय साहित्यशास्त्रात या पुराव्याची दिशा सापडते. भरताच्या रससूत्रानुसार विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. अश्रू हा अनुभाव आहे. त्याला आधार देणारा विभाव कृतीत उभा राहिलेला नसताना अश्रू वाहू लागले, तर ती भावना गुळचट होय. विभाव समर्थ असूनही अश्रू आवरत नसतील, तर ती भावविवशता होय. अश्रू किती आहेत, यापेक्षा ते कशामुळे आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

उपयोजन :

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. या कृतीवर गुळचटपणाचा शिक्का मारणे सोपे आहे, कारण तिच्यात रडणे पुष्कळ आहे. परंतु येथील विभाव कोणते? कोकणातील एका घराची कर्जामुळे होणारी पडझड, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, आजारी शरीराने उपसलेले कष्ट आणि अखेर मृत्यू. आई प्रेमळ आहे, तशीच कठोरही आहे; पोहायला जाण्यास भिणाऱ्या मुलाला ती मारते. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाने मनालाही तसेच जपावे, ही तिची शिकवण ओल्या अंगाने धोंड्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या हट्टातून निघते. ती आधी ठरवून प्रसंगावर लादलेली नाही. ही सामग्री गुळचट म्हणता येत नाही.

तथापि कृती निर्दोष आहे, असेही नव्हे. प्रसंग पुरेसा बोलून गेल्यावर निवेदक श्याम पुन्हा त्याचे तात्पर्य सांगतो, स्वतः गहिवरतो व श्रोत्यांनाही गहिवरायला लावतो. अशा जागी कृती भावविवश होते आणि वाचकाच्या वाट्याचे काम निवेदक स्वतःकडे घेतो. हा दोष निवेदनाचा आहे, अनुभवाचा नाही. एकाच शब्दात निकाल दिला की हा महत्त्वाचा भेद हातचा निसटतो.

आचार्य अत्रे यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनसंग्रहात त्यांनी रविकिरण मंडळाच्या काळातील काव्यसंकेतांची थट्टा केली. विडंबनाला साचा लागतो, आणि जेथे भावनेआधी शब्द तयार असतात तेथे तो आयता मिळतो. त्याच अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली व तिला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. यात विसंगती नाही. साच्यातील भावनेची टिंगल करणे आणि खऱ्या भावनेचा आदर करणे ही एकाच विवेकाची दोन अंगे आहेत.

निष्कर्ष :

‘कोसला’ (१९६३) नंतरच्या मराठी अभिरुचीत उघड भावनेविषयी संशय रुजला. त्याने साहित्याचे हितही केले. मात्र आज पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांत हा संशय पाठ केलेल्या विशेषणाच्या रूपात उतरतो. आई, माहेर, घर हे विषय दिसताच कृती गुळचट ठरते. विद्यार्थी कोरडेपणालाच प्रगल्भता समजू लागतो आणि स्वतः लिहायला बसला की खऱ्या दुःखालाही संकोचतो. पाठ केलेले हे विशेषण स्वतःच गुळचट आहे : त्यात समीक्षेचा भास आहे, समीक्षा नाही.

म्हणून अध्यापकांनी या शब्दाचा ‘वाक्यात उपयोग’ मागताना पूर्ण वाक्याचा आग्रह धरावा. कोणत्या प्रसंगी, कोणत्या विभावाच्या अभावी, कोणती भावना गुळचट ठरली, हे त्या वाक्यात आले पाहिजे. इतके सांगता आले तर शब्द जरूर वापरावा. सांगता आले नाही, तर ती कृती पुन्हा एकदा वाचावी.